मुक्काम हलल्यावर

आमच्या माळ्यावर एक राहुटी आहे. गुंडाळलेली, सुंभाने बांधलेली आणि कसर लागू नये म्हणून माझ्या आईने कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेली अशी ती माझ्या जन्माच्या आधीपासून तेथे आहे. आजोबा महसूल खात्यात कारकून होते. थंडीच्या दिवसांत साहेब जिल्ह्याच्या फिरतीवर निघाला की त्याचे तंबू एक मुक्काम पुढे जात आणि आजोबांचे दप्तर त्यांच्या मागून बैलगाडीतून जाई. पुढे केव्हातरी खात्याने जुने सामान लिलावात काढले, तेव्हा आजोबांनी ही राहुटी घेतली. कितीला घेतली, हे त्यांनी आजीला शेवटपर्यंत सांगितले नाही.

गेल्या दिवाळीच्या सुटीत नात घरी आली ती तंबूचाच विषय घेऊन. तिला आणि तिच्या मैत्रिणीला हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला जायचे होते. तंबू म्हणजे हल्लीचा, पाठपिशवीत मावणारा. पण तो पर्यावरणपूरक असला पाहिजे, अशी तिची अट होती. हा शब्द आमच्या लहानपणी नव्हता. जुने नेर लुगडे टाकून न देता त्याची गोधडी करावी, एवढेच आम्हांला माहीत. तिने मोबाइलवर तीन तंबूंची चित्रे दाखवली. एक सेंद्रिय कापसाच्या जाड कापडाचा, दुसरा पाण्याच्या जुन्या बाटल्या वितळवून काढलेल्या धाग्याचा, आणि तिसरा इतका हलका की तो पाठीवर आहे हे विसरून जावे. तिन्हींच्या कोपऱ्यात एकेक हिरवे पान काढलेले.

"आजोबा, तुम्ही चाळीस वर्षे इतिहास शिकवलात ना? मग सांगा, यातला खरा कोणता?"

चाळीस वर्षांत अफझलखानाची उंची विचारणारी मुले मला पुष्कळ भेटली. तंबूविषयी विचारणारे कोणी भेटले नव्हते. मी हुरळून गेलो. "उद्या सांगतो," म्हणालो आणि पुस्तके काढून बसलो. उद्याचे आठ दिवस झाले.

आपल्या देशात तंबूचा थाट पाहायचा तर आधी अकबर बादशहाच्या दारी जावे लागते. अबुल फजलाने 'ऐन-इ-अकबरी'त फरासखान्याला वेगळे प्रकरणच दिले आहे. बारगाह नावाचा जो मोठा तंबू, त्यात दहा हजारांहून अधिक माणसे मावत आणि तो उभा करायला एक हजार फरास आठवडाभर खपत. एका मुक्कामाचे सामान वाहायला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल लागत. शिवाय बेलदार, भिस्ती, सुतार, शिंपी, मशालजी, चांभार आणि १५० झाडूवाले. झाडूवाल्यांची मोजदाद अबुल फजलाने केली, याबद्दल मला त्याचे फार कौतुक वाटते. मुक्काम म्हटला की केर आलाच, हे त्या दरबारी पंडिताला ठाऊक होते.

पुढे १६६४ च्या डिसेंबरात औरंगजेब दिल्लीहून काश्मीरकडे निघाला, तेव्हा बर्निअर नावाचा फ्रेंच वैद्य त्या लवाजम्यात होता. त्याने लिहून ठेवले आहे की, बादशहाचे तंबू दोन जोड असत. बादशहा एका मुक्कामात असता दुसरा जोड पुढच्या मुक्कामी जाऊन उभा राहिलेला असे. या पुढच्या जोडाला पेशखाना म्हणत. एकेका जोडाला साठाहून अधिक हत्ती, दोनशे उंट, शंभर खेचरे आणि शंभर हमाल. तंबू बाहेरून लाल आणि आतून मच्छलीपट्टणच्या हाताने रंगवलेल्या छिटाचे.

आता नातीच्या हिशेबाने पाहिले तर सारे कसे निर्मळ! सूत शेतातले, रंग झाडापाल्यांचे, खांब लाकडाचे. प्लास्टिकचा कण नाही. या तंबूचे कापड मातीत पुरले तर दोन-चार पावसाळ्यांत त्याची मातीच होणार. मग अकबर-औरंगजेबाचा तंबू पर्यावरणपूरक म्हणावा काय?

बर्निअरच पुढे उत्तर देतो. संध्याकाळी छावणीतली हजारो माणसे शेणाच्या, उंटांच्या लेंड्यांच्या आणि ओल्या लाकडांच्या चुली पेटवीत. वारा नसला की त्या धुराने असा काळोख होई की माणसाला आपला तंबू सापडेना. ओली लाकडे म्हणजे काय, ते ध्यानात घ्यावे. वाळलेले सरपण संपले की माणूस उभे झाड तोडतो. तंबूचे कापड कितीही सात्त्विक असो, त्याच्या आत जो राहतो तो रोज जेवतो. त्याचा हत्तीही जेवतो.

हा हिशेब कोणत्या थराला जातो, ते महाराष्ट्राने पाहिले. औरंगजेब १६८१ च्या अखेरीस दक्षिणेत उतरला आणि १७०७ साली अहमदनगरला वारला. मधली पंचवीस वर्षे त्याने बव्हंशी तंबूत काढली. दिल्ली, आग्रा, लाहोर येथे संगमरवरी महाल रिकामे, आणि मालक कृष्णा-भीमेच्या काठी कनातींत! १६९५ साली जेमेली कारेरी नावाचा इटालियन प्रवासी कृष्णाकाठी गलगले येथे त्याच्या छावणीत गेला. छावणीचा घेर तीस मैल, आणि माणसांचा आकडा तो पाच लाख सांगतो. प्रवाशाच्या आकड्यातून थोडे वजा करावे लागते. पण अर्धे वजा केले तरी अडीच लाख उरतातच. एवढे शहर आज येथे, तर चार महिन्यांनी तेथे. जेथून उठे तेथे गवताची काडी उरत नसे. मनुची हा दुसरा इटालियन याच काळाविषयी लिहितो की, बादशहा दक्षिणेत मागे ठेवून गेला ती झाडे नसलेली, पिके नसलेली शेते आणि त्यांत माणसांची-जनावरांची हाडे.

तंबूविषयी लिहायला बसलो आणि कळसाची गोष्ट सांगितली नाही, तर आमच्या घरातले धाकटे मंडळ मला जेवू देणार नाही. १६८९ साली संभाजीराजांच्या वधानंतर बादशहाची छावणी तुळापुराकडे असता संताजी घोरपडे, विठोजी चव्हाण आणि मूठभर माणसे रात्री आत शिरली, बादशाही डेऱ्याचे तणावे तोडले आणि सोन्याचे कळस कापून घेऊन गेली, असे मराठी बखरी सांगतात. एका रात्रीत किती गोष्टी घडल्या याविषयी विद्वानांनी वाद घालावा. पण तंबूचा कळस लांबून दिसतो, ही त्या गोष्टीतली मेख मात्र खरी आहे. जे मिरवायला लावले तेच शत्रूला वाट दाखवते.

आणि खवासपूरची गोष्ट. सातारा आणि परळीचा किल्ला घेऊन १७०० साली बादशहा माण नदीकाठी खवासपूरला आला. पाऊस सरत आलेला. माण ही आपल्या दुष्काळी मुलखातली नदी, बहुतेक काळ वाळूच. तिच्या कोरड्या पात्रातसुद्धा लोकांनी राहुट्या ठोकल्या. १ ऑक्टोबरच्या मध्यरात्री वरच्या डोंगरात पाऊस कोसळला, लोंढा आला आणि पात्रातली छावणी वाहून गेली. एकच हाकाटी झाली. ऐंशी ओलांडलेल्या बादशहाला वाटले, मराठे आले! तो तिरमिरीत उठला, अडखळून पडला आणि त्याचा उजवा गुडघा निखळला. तो पुरता बरा झालाच नाही. बादशहा उरलेले आयुष्य लंगडत चालला. खुशमस्कऱ्यांनी यातूनही मार्ग काढला. तैमूरलंगाचा हा वारसा आहे, म्हणाले. मी नातीला बजावून सांगितले, "तंबू कोणताही घे, पण ओढ्याच्या कोरड्या पात्रात ठोकू नकोस. हे मी सांगत नाही, औरंगजेब सांगतो."

आता आपल्याकडे वळू. शिवाजीमहाराजांची फौज दसऱ्याला बाहेर पडे आणि पावसाळ्याला छावणीत परते. फौजेबरोबर बायका नेऊ नयेत, असा कायदा होता. सभासदाने तो नोंदवला आहे. घोड्यावर मावेल तेवढेच ओझे. आपली म्हण विंचवाच्या बिऱ्हाडाची टिंगल करते. पण विंचू काही शंभर हत्ती घेऊन हिंडत नाही.

मला मात्र त्या फौजेच्या हलकेपणाहून मोठी वाटते ती चिपळूणच्या छावणीला लिहिलेल्या पत्रातली दृष्टी. १६७० नंतरच्या दशकातले हे पत्र अनेक वाचकांनी शाळेच्या पुस्तकात पाहिले असेल. घोडदळ चिपळूणला पावसाळ्यासाठी राहिलेले. महाराज लिहितात त्याचा आशय असा: दाणा, वैरण यांचा साठा पावसाळाभर पुरायचा आहे, आताच उधळलात तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुम्ही कुणब्यांच्या घरून दाणा आणाल, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी फाटे, कोणी भाजी ओढून आणाल. मग गरीब कुणबी गाव सोडून जातील, आणि त्यांना तुम्ही मोगलांहूनही वाईट वाटाल. जे हवे ते बाजारातून विकत आणा. पुढे आगीविषयी. कोणी चूल भलत्या जागी मांडील, कोणी तंबाखूला विस्तव नेईल, कोणी रात्री दिवा तसाच ठेवील. उंदीर जळती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, आणि सारी वैरण जाईल. मग कोणाची गर्दन मारली तरी गवताची एक काडी मिळायची नाही.

राज्याभिषेकाच्या धामधुमीच्या आसपासचा हा काळ. अशा वेळी एका राजाला उंदराने नेलेल्या वातीची काळजी आहे! मी हे पत्र वर्गात किती वेळा शिकवले असेल. प्रजाहितदक्षता, शिस्त असे दोन मुद्दे फळ्यावर लिहून मोकळा होत असे. या दिवाळीत नातीच्या प्रश्नापायी ते पुन्हा वाचले, आणि मला प्रथमच दिसले की हे मुक्काम कसा करावा याचे पत्र आहे. यात राहण्याच्या खोपटांविषयी एक अक्षर कौतुकाचे नाही. सारी नजर छावणीच्या कुंपणाबाहेर आहे: कुणब्याच्या घरावर, गवताच्या गंजीवर, आणि चुलीतल्या निखाऱ्यावर.

पुढच्या शतकात ही दृष्टी टिकली, तशीच हरवलीही. थोरल्या बाजीरावांनी १७२८ साली पालखेडला निजामाला कोंडले ते जड सामानावाचून दौडणाऱ्या घोड्यांच्या बळावर. बत्तीस-तेहतीस वर्षांनी भाऊसाहेब उत्तरेत निघाले तेव्हाचे वर्णन ग्रँट डफने केले आहे. त्याचा इतिहास १८२६ साली छापला गेला. उंच, ऐसपैस डेरे, आत रेशीम आणि बनातीचे अस्तर, वर दुरून चमकणारे सोनेरी कळस. म्हणजे ज्यांच्या आज्यांनी कळस कापले, त्यांच्याच माथ्यावर आता कळस चढले! बुणग्यांची संख्या लढवय्यांहून मोठी. पानिपतावर दोन महिन्यांहून अधिक काळ ही छावणी एका जागी अडकली. दाणा संपला, वैरण संपली, सरपण संपले. १४ जानेवारी १७६१ ला जे घडले त्याला कारणे पुष्कळ आहेत, सारा दोष डेऱ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण उपाशी घोड्यावर बसून लढावे लागले, एवढे खरे. चिपळूणच्या पत्रातली उपाशी घोडी मला येथे आठवतात.

पुण्यात बुधवार पेठेत फरासखाना आहे. पोलिसांची चौकी म्हणून सर्वांना ठाऊक. पण मूळची ती पेशव्यांच्या डेऱ्या-राहुट्यांची, जाजमांची आणि सतरंज्यांची कोठी. राज्य गेले, डेरे गेले, नाव राहिले.

मोठ्यांचे डेरे इतिहासात येतात. लहानांचे येत नाहीत. म्हणून ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचे आभार मानावेसे वाटतात. १८०९ साली तो दौलतराव शिंद्यांच्या छावणीत होता आणि तेथून त्याने घरी पत्रे लिहिली. १८१३ साली त्यांचे पुस्तक झाले. छावणीतल्या बाजाराचे वर्णन करताना तो 'पाल' हा आपला शब्द जसाच्या तसा वापरतो. दोन बेचक्याच्या काठ्या जमिनीत रोवायच्या, त्यांवर एक आडवा बांबू ठेवायचा आणि त्यावरून घोंगडी नाहीतर जाडेभरडे कापड सोडायचे, झाले पाल. ऐपतीप्रमाणे लहान किंवा मोठे. अशा पालांत माणसे वर्षानुवर्षे राहत, दुकाने मांडीत, संसार करीत.

हे पाल मी पाहिले आहे, वाचकांनीही पाहिले असेल. गावाबाहेरच्या माळावर वैदूंचे, गोपाळांचे, नंदीवाल्यांचे पाल पडे. तीच बेचकी, तोच आडवा बांबू. कापड म्हणजे गोधड्या, पोती आणि जुनी लुगडी. उठून गेले की तीन दगडांची चूल आणि मेखांची चार भोके एवढेच मागे राही. आता त्याच बांबूवर निवडणुकीच्या किंवा वाढदिवसाच्या फलकाचे प्लास्टिक असते. साखर कारखान्यांच्या आवारात ऊसतोड मजुरांच्या कोप्या पाहाव्यात. पाचटावर तेच प्लास्टिक ओढलेले. एखाद्या पुढाऱ्याचे हसरे तोंड उलटे होऊन कोणाच्या तरी झोपलेल्या बाळावर छाया धरून असते. फेकलेल्या वस्तूचा असा शेवटपर्यंत उपयोग करणाऱ्या या माणसांच्या पालावर हिरवे पान कोणी काढीत नाही. आणि खरे सांगायचे तर त्यांना पान नको, भिंत हवी आहे. आपण हौसेने दोन रात्री तंबूत काढणार, आणि ते नाइलाजाने सहा महिने. हा फरक विसरून त्यांच्या साधेपणाचे गोडवे गाणे मला बरे वाटत नाही.

तर मग कापडाचे काय? नातीचा प्रश्न कापडाचा होता.

सुती कापड टिकते. इंग्लंडलगतच्या वेल्समध्ये पॉविस कॅसल नावाच्या वाड्यात टिपू सुलतानाचा तंबू ठेवलेला आहे. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यानंतर तो क्लाइव्ह घराण्याकडे गेला. छापील-रंगीत सुती छीट, त्यावर फुलांच्या कुंड्या; अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातला असावा असे जाणकार मानतात. पुढे त्या घराण्याने तो बागेतल्या मेजवान्यांना मांडव म्हणून वापरला. एवढे सोसूनही कापड अजून आहे. आमची राहुटी तर काल-परवाची.

पण सुताला पाण्याशी जपून वागावे लागते. १९६० च्या सुमारास आमच्या शाळेच्या बालवीर पथकाने सिंहगडाच्या पायथ्याशी तळ दिला, तेव्हा आजोबांची ही राहुटी मी मोठ्या ऐटीने नेली होती. रात्री पाऊस आला. सुताचा धागा भिजला की फुगतो आणि विणीतली छिद्रे आपोआप बुजतात. म्हणून जाड सुती छत फारसे गळत नाही. मात्र आतून बोट लावायचे नाही. बोट लागले की तेथून थेंब उतरतो, आणि मग थांबत नाही. मास्तरांनी हे आम्हांला बजावून सांगितले. बजावून सांगितल्यामुळे आम्ही आठही जणांनी बोट लावून पाहिले. रात्रभर बसून होतो. सकाळी भिजलेली राहुटी उचलायला चौघे लागलो.

पावसाला अडवण्यासाठी सुतावर पूर्वी मेण चढवीत. म्हणजे जुने ते सारे निर्धोक, असेही समजू नये. १९४४ च्या जुलैत अमेरिकेत हार्टफर्ड येथे सर्कशीचा प्रचंड तंबू भर खेळात पेटला आणि दीडशेहून अधिक माणसे, त्यांत कितीतरी मुले, मेली. त्या कापडाला पाणी लागू नये म्हणून पेट्रोलमध्ये विरघळवलेले पॅराफिन मेण फासलेले होते. त्यानंतर तंबूच्या कापडाला आग प्रतिबंधक रसायने लावण्याची प्रथा पक्की होत गेली. एका पिढीचे औषध पुढच्या पिढीचे दुखणे होते ते असे: अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली दाखवले की, तंबू उभारणाऱ्यांच्या हातांना यांतली काही रसायने लागतात. आता ती न लावलेले तंबूही मिळतात. अर्थात मग आत दिवा, स्टोव्ह आणि सिगारेट न नेण्याचे काम माणसाला करावे लागते. उंदराची वात पुन्हा आलीच!

नायलॉन १९३५ साली अमेरिकेत प्रथम तयार झाले, आणि युद्धात त्याची हवाई छत्री झाली. युद्धानंतर ते तंबूत शिरले. यात वाईट काय, असे मी विचारत होतो. पाठीवरचे ओझे एकदम उतरले, कनातीचे खांब बोटाएवढे झाले. वाईट दोन गोष्टी. एक म्हणजे ते कुजत नाही. दुसरी, पाणी ओघळून जावे म्हणून त्यावर कार्बन-फ्लोरिनची संयुगे चढवण्याची रीत पडली. ही संयुगे निसर्गात जवळजवळ मोडतच नाहीत. नदीत, माशात, माणसाच्या रक्तात साठून राहतात. त्यांतल्या दोन प्रमुख संयुगांना २००९ आणि २०१९ साली स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय कराराने घातक यादीत घातले. म्हणून हल्ली तंबूवर फ्लोरिनविरहित असे लिहिलेले असते. ते मात्र वाचून घ्यावे; हिरव्या पानाहून त्या एका शब्दाला अधिक अर्थ आहे.

बाटल्यांचा धागा चांगला, कारण नवे खनिज तेल कमी लागते. सूत काढतानाच त्यात रंग घातलेला असेल तर रंगाईचे पाणीही वाचते. पण शेवटी ते प्लास्टिकच, आणि त्याचे बारीक तंतू झडतातच. सेंद्रिय कापूस चांगला. तो महाग का, हे यवतमाळला विचारावे. २०१७ साली त्या जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले. त्या वर्षानंतर शुद्ध सुती हा शब्द मला पूर्वीसारखा सहज उच्चारता येत नाही. पण सेंद्रिय झाला तरी जाड कापसाचा तंबू पाठीवर घेऊन हरिश्चंद्रगड चढणे म्हणजे एकादशीच्या पोटी पैलवानी. नातीने माळ्यावरची राहुटी उचलून पाहिली आणि निमूट खाली ठेवली.

एक आकडा तिनेच मला वाचून दाखवला. ब्रिटनमध्ये संगीत महोत्सवांना तरुण मंडळी तंबू घेऊन जातात आणि खेळ संपला की तेथेच टाकून येतात. असे वर्षाला अडीच लाख तंबू टाकले जात असावेत, असा अंदाज तेथल्या स्वतंत्र महोत्सवांच्या संघटनेने २०१९ साली दिला होता. तंबू स्वस्त झाला, म्हणून पत्रावळीसारखा झाला. पत्रावळ निदान गाय खाते.

तिला हे सांगताना मला माझेच एक पाप कबूल करावे लागले. दहा वर्षांपूर्वी मीही एक नायलॉनचा तंबू हौसेने घेतला होता. पवनेच्या काठी एक रात्र काढली आणि ओलाच गुंडाळून कपाटात कोंबला. पुढल्या वर्षी उघडला तर आतला लेप चिकट होऊन सालपटे निघत होती आणि वास असा की मांजरही त्या खोलीत जाईना. ज्या आईने राहुटीत कडुलिंबाचा पाला घातला, तिचा मी मुलगा! राहुटी शंभरीला आली, आणि माझा तंबू एका रात्रीचा धनी ठरला. कापडाचा दोष किती आणि वाळत न घालणाऱ्या हाताचा किती, याचा निवाडा मी नातीवर सोपवला. तिने तो तत्परतेने केला.

"म्हणजे आजोबा, नवा घेऊच नको?"

"गडावर देऊळ असेल, गुहा असेल, तर तंबूवाचूनही भागते," मी म्हणालो. आमच्या पिढीने राजगडावर पद्मावतीच्या देवळात आणि हरिश्चंद्रगडाच्या गुहांत कितीतरी रात्री काढल्या. पण आता तेथे शनिवारी जी गर्दी होते, तीत दोन मुलींनी भिंतीशी अंग चोरून निजावे, असे मी कोणत्या तोंडाने सांगू? हरिश्चंद्रगडाचा परिसर १९८६ पासून अभयारण्य आहे. वनखात्याला विचारून, नेमून दिलेल्या जागीच उतरावे, एवढे मात्र तिच्याकडून वदवून घेतले.

शेवटी तिने तिन्ही चित्रे बाजूला सारली. तिच्या मैत्रिणीच्या भावाचा सात वर्षांचा तंबू पडून होता. दांड्या ॲल्युमिनियमच्या, एक वाकलेली, जाळीला भोक, शिवणीतून पाणी येत असे. दांडीला नळीचा तुकडा बसवला, जाळीला ठिगळ लावले, आणि शिवणीवर लेप फिरवला. एकूण खर्च दोघींच्या सिनेमाच्या तिकिटाहून कमी आला. गडावरून परतल्यावर तो गच्चीत दोन दिवस वाळत होता. मी न सांगता. आत एक पिशवीही होती, त्यात त्यांचा स्वतःचा आणि दुसऱ्यांनी टाकलेला कचरा. "शंभर हत्ती नव्हते, म्हणून झाडूवाले दोनच लागले," असे ती म्हणाली.

या साऱ्या खटाटोपात माळ्यावरची राहुटी खाली आली ती आलीच. उलगडून पाहिले तर एका कनातीचा कोपरा उंदरांनी खाल्लेला. बाकीची शाबूत आहे. उन्हे देऊन पुन्हा बांधून ठेवली. खाल्लेल्या कोपऱ्याचा तुकडा मात्र धाकट्या नातवाने मागून घेतला. अंगणात त्याचा दिवाळीचा किल्ला चालला आहे. पायथ्याशी मोगलांची छावणी हवी होती. आठ इवलेसे तंबू झाले, मेखा म्हणून आगपेटीच्या काड्या. मधल्या डेऱ्यावर त्याने सोनेरी कागदाचा कळस लावला आहे, आणि आज रात्री दोन मावळे येऊन तो कापून नेणार आहेत, म्हणून मी दिवा लवकर मालवावा, असे मला सांगून ठेवले आहे.